ग्रीक वस्त्रातली उभी आकृती: नवअभिजात पद्धतीचं रेखाचित्र, कापड बेतण्यापासून काचेत बसवण्यापर्यंत

प्राचीन ग्रीक वेशातली उभी स्त्री. अंगात बारीक चुण्यांचा पायघोळ खितोन, त्यावरून आडवं घेतलेलं हिमातिऑन, भार एका पायावर, मान जराशी वळलेली. दाव्हिद, प्रुदों, फ्लॅक्समन या नवअभिजात चित्रकारांच्या चित्रांत ही बाई इतक्यांदा भेटते की ती काढायला सोपी असेल असं वाटतं. काढायला बसलं की पहिल्या काही प्रयत्नांत चादर गुंडाळून उभं असलेलं कुणीतरी तयार होतं, नाहीतर पीव्हीसी पाइपांची जुडी. दोन्ही फजित्यांचं मूळ एकच. कापड आधी काढलेलं असतं आणि अंग मागाहून त्यात कोंबलेलं असतं.

ज्वालामुखीने गाडलेल्या दोन रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ मध्ये आणि पॉम्पेचं १७४८ मध्ये सुरू झालं. १७५५ मध्ये जर्मन कलाभ्यासक विंकेलमान यांनी ग्रीक कलेचा साधेपणा आणि शांत भारदस्तपणा हाच आदर्श म्हणून पुढे ठेवला आणि पुढची साठ-सत्तर वर्षं युरोपभरच्या चित्रशाळा पुतळ्यांच्या चुण्या गिरवत बसल्या. हीच नवअभिजात शैली. त्यातून रेखाटनाच्या दोन वाटा निघाल्या. एक निव्वळ बाह्यरेषेची: फ्लॅक्समन यांनी होमरच्या काव्यांसाठी केलेली आणि १७९३ मध्ये रोममध्ये कोरून छापलेली चित्रं छायेशिवाय उभी आहेत. दुसरी काळ्या-पांढऱ्या खडूची. इथे दुसरी वाट घेतली आहे, पण मधल्या टप्प्यावर बाह्यरेषा पुरी होते. फ्लॅक्समन आवडणाऱ्यांनी तिथेच थांबायला हरकत नाही.

‘टेनिस कोर्टची शपथ’ हा दाव्हिद यांचा अपुरा राहिलेला भलामोठा कॅनव्हास व्हर्सायला आहे. त्यावर काही डोकी पूर्ण रंगवलेली आहेत आणि खाली धडं उघडी, नुसत्या रेषेत. माणसं कपड्यांची वाट बघत उभी आहेत. विषय समकालीन होता, अंगरखे आणि विजारींचा, तरी अंग आधी आणि कपडे नंतर हा क्रम त्यांनी सोडला नाही. खालची सगळी कृती याच क्रमावर उभी आहे.

कापड: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पुतळ्यांचे फोटो पाहून काम भागत नाही. दगडात चुण्या आधीच निवडून झालेल्या असतात. त्यांची नक्कल करताना का निवडल्या हे कळत नाही. खरं कापड अंगावर चढवून पाहिलं की कळतं, आणि खर्चही फार नाही.

खितोनसाठी मलमल घ्या. १६० सेंटीमीटर उंचीच्या मॉडेलसाठी ४४ इंच पन्ह्याची साडेपाच मीटर पुरते. आधी धुऊन वाळवा, मग १६५ सेंटीमीटर लांबीचे तीन तुकडे कापा आणि उभ्या कडा जोडून सुमारे ३३० सेंटीमीटर घेराची नळी शिवा. धुणं चुकवू नका. नव्या कापडातली खळ गेली नाही तर चुण्या गोल पडत नाहीत, कागदासारख्या कोनात मोडतात, आणि चित्रात त्या टोकदार मोडण्या तशाच उतरतात. सिंथेटिक मिश्रण असलेली मलमल तर नकोच. ती अंगावर पडत नाही, अंगापासून दूर उभी राहते.

बारीक, पाण्याच्या ओघळांसारख्या चुण्या हव्या असतील तर शिवलेली नळी ओली करा, लांबीच्या दिशेने बोटांनी चुणत जा, दोरखंडासारखा पीळ घाला, दोन्ही टोकं बांधा आणि दिवसभर सावलीत वाळू द्या. पावसाळ्यात दोन दिवस धरा. अर्धवट ओली उलगडली तर पीळ सुटून जातो.

हिमातिऑन लोकरी आणि जड असे, म्हणून त्यासाठी जाड मांजरपाट किंवा जाडसर खादी: ६० इंच पन्हा, तीन मीटर. धुतल्यावर पावणेतीनच्या आसपास राहील. घरातली सिंगल बेडची जुनी चादर सव्वादोन मीटरपर्यंत असते. ती अंगाभोवती एकदा फिरते, पण खांद्यावरून लोंबणारं टोक आखूड पडतं. जुन्या चादरीचा फायदा असा की ती मऊ झालेली असते. दोन कापडांच्या जाडीत फरक असलाच पाहिजे. दोन्ही सारखीच मलमल वापरली तर चित्रात आतलं वस्त्र कुठलं आणि बाहेरचं कुठलं ते कुणालाही सांगता येणार नाही.

अंगावर चढवणं

खितोनची नळी आडवी धरली की वरची कड १६५ सेंटीमीटर रुंद असते. मधले ३५ सेंटीमीटर गळ्यासाठी मोकळे सोडा, दोन्ही टोकांना २०-२० सेंटीमीटर हात बाहेर काढायला. उरलेल्या ४५-४५ सेंटीमीटरच्या दोन पट्ट्यांत पुढची आणि मागची कड एकत्र टाचायची आहे: प्रत्येक बाजूला सहा सेफ्टी पिना, नऊ-नऊ सेंटीमीटरवर. ग्रीक स्त्रिया इथे छोटी बटणं किंवा टाचण्या वापरत. घातल्यावर या पिनांची रांग खांद्यावरून दंडाकडे उतरते आणि दोन पिनांमध्ये कापडाची फट डोळ्याच्या आकारात उघडते, तिच्यातून कातडी दिसते. प्रत्येक पिनेपासून पंख्यासारख्या पाच-सात बारीक चुण्या खाली पसरतात. सगळ्या वेशात जवळून पाहण्यासारखी जागा हीच. इथे घाई केली तर बाही साध्या ब्लाउजची होते.

आता कमरेला नाडी बांधा आणि जादा लांबी नाडीवरून वर ओढा. खांद्यापासून पावलापर्यंत १३५ सेंटीमीटर लागतात, उरलेले तीस दुमडून नाडीवर पंधरा सेंटीमीटरचा झोळ सोडतात. याला ग्रीकांत कोल्पोस म्हणत. झोळाची खालची कड सरळ ठेवू नका. दोन्ही कुल्ह्यांवर थोडी खाली आणि पोटावर थोडी वर असू द्या. नाडी कुठे बांधता त्यावर काळ ठरतो. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातली आकृती असेल तर कमरेवर, हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या काळातली असेल तर थेट छातीखाली. खाली पाचव्या शतकाची घडण आणि वर छातीखाली बांधलेली नाडी अशी भेसळ जाणकाराला लगेच खटकते.

हिमातिऑनचं एक टोक डाव्या खांद्यावरून पुढे गुडघ्यापर्यंत लोंबू द्या. उरलेलं कापड पाठीवरून उजव्या बगलेखालून पुढे आणा, पोटावरून आडवं घ्या आणि दुसरं टोक डाव्या कोपरावर टाका. पोटावर येणारी वरची कड दोन-तीनदा बाहेर दुमडून मनगटाएवढी वळकटी करा. या वळकटीवर सगळा तोल टांगलेला आहे; तिच्याशिवाय कापड घसरतं आणि मॉडेल सारखी सावरत बसते.

आपल्याकडच्या हाताला इथे एक सवय नडते. साडीत निऱ्या पुढे एकाच ठिकाणी खोचलेल्या असतात आणि पदर पुढून डाव्या खांद्यावर जाऊन मागे पडतो. हातात तेच चित्र बसलेलं असतं. खितोनमध्ये घेर सगळीकडे सारखा वाटलेला असतो, पुढे निऱ्यांचा झुबका नसतो. तो चुकून काढला की ग्रीक बाई पाचवारीत उभी राहते.

रोमन आकृती करायची असेल तर तोगा चौकोनी कापडाचा होत नाही, त्याची एक कड गोल कापलेली लागते. त्याचं बेतणं वेगळं आणि किचकट आहे; पहिल्या चित्रासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

उजेड, अंतर आणि डमी

उजेड एकच हवा, तुमच्या डावीकडून वरून, साधारण ४५ अंशात. उत्तरेची खिडकी मिळाली तर तिचा खालचा अर्धा भाग खाकी कागदाने झाका म्हणजे उजेड वरूनच येईल. ट्यूबलाइट बंद. दोन दिव्यांत प्रत्येक चुणीला दोन सावल्या पडतात आणि मग कुठली खरी हे ठरवता येत नाही.

मॉडेलपासून किमान पाच मीटर लांब बसा, म्हणजे उंचीच्या तिप्पट. जवळ बसलात तर डोकं समोरून आणि पावलं वरून दिसतात, आणि नवअभिजात चित्रातला तो भिंतीवरच्या उठावशिल्पासारखा सपाट, शांत भाव मिळत नाही. फ्लॅटमध्ये पाच मीटर मिळत नाहीत हे खरंच. दिवाणखान्याचं दार उघडून पॅसेजमधून बघितलं तरी चालतं. मॉडेलला २५-३० सेंटीमीटर उंच पाटावर किंवा लाकडी खोक्यावर उभं करा.

जिवंत माणूस वीस-पंचवीस मिनिटांहून जास्त तसंच उभं राहू शकत नाही, आणि विश्रांतीनंतर एकही चुणी पहिल्या जागी येत नाही. त्या काळच्या चित्रशाळांत म्हणूनच सांधे वळणारी लाकडी माणसं असत: कापड त्यांच्यावर, डोकं आणि हात जिवंत मॉडेलवरून. आज कापडदुकानातली डमी चालते. ती ताठ उभी असते, म्हणून एका गुडघ्यावर टॉवेलची गुंडाळी पुढून बांधा, त्याच बाजूचा कुल्हा जसाच्या तसा ठेवून दुसऱ्या कुल्ह्यावर दोन बोटं जाडीची घडी बांधा. गुडघा पुढे आणि पलीकडचा कुल्हा वर, एवढं झालं की कापड फसतं. चुण्या मनासारख्या पडल्या की चार-पाच ठिकाणी आतून टाके घाला, पंख्याचा वारा बंद करा.

फोटो काढून ठेवा, पण त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून आणि दुप्पट झूम लावून. जवळून काढलेल्या मोबाइल फोटोत मधला भाग फुगतो.

कागद आणि खडू

कागद मध्यम छटेचा, हलका दातेरी: राखाडी, निळसर किंवा मातकट पेस्टल पेपर, १५ × २२ इंच. प्रुदों यांची खडूतली अभ्यासचित्रं निळ्या कागदावर आहेत आणि त्यांचा तो चंदेरी उजेड निम्मा कागदाचाच आहे. काळ्यासाठी कॉन्टे (दाबून केलेला कडक खडू) किंवा चारकोल पेन्सिल, एक कडक आणि एक मऊ. पांढऱ्यासाठी पांढरी पेस्टल पेन्सिल. निडेड रबर (कणकेसारखं मळता येणारं खोडरबर), धारदार कटर, बारीक सँडपेपरचा तुकडा, बटर पेपर, आणि दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा.

साधी शिसपेन्सिल अंतिम कागदाला लावू नका. ग्रॅफाइटच्या गुळगुळीत चकाकीवर चारकोल धरत नाही, नेमका जिथे गडद काळा हवा तिथेच घसरतो. ही चूक पूर्ण झाल्यावरच दिसते आणि तेव्हा इलाज नसतो.

आधी अंग, तेही बटर पेपरवर

२२ इंचांच्या, म्हणजे ५६ सेंटीमीटरच्या उभ्या कागदात ४० सेंटीमीटरची आकृती नीट बसते: वर सात, खाली नऊ सेंटीमीटर मोकळे. बटर पेपरवर उभी रेघ मारून दर पाच सेंटीमीटरला खूण करा. आठ डोक्यांचं माप झालं. खरा माणूस साडेसात डोक्यांच्या आसपास असतो; अर्ध्या डोक्याची ही जादा उंचीच आकृतीला भारदस्त करते. हनुवटी ५ वर, स्तनाग्रं १० वर, बेंबी १५ वर, जांघ २० वर, गुडघ्याखालची रेषा ३० वर, तळवे ४० वर. नऊ डोकी केलीत तर फॅशनच्या मासिकातली बाई होईल.

आता भाराचा पाय ठरवा. समजा उजवा. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला तर दोरा उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला लागला पाहिजे. लागत नसेल तर आकृती पडते आहे. कितीही सुंदर चुण्या काढा, ती पडतच राहील. उजवा कुल्हा वर, उजवा खांदा खाली, डावा गुडघा पुढे आणि थोडा आत, डावी टाच मागे नेऊन किंचित उचललेली. डोकं बहुधा भाराच्या पायाकडे वळतं.

कुल्ह्याच्या रेषेचा कल दहा-बारा अंशांच्या वर नेऊ नका. आपल्या शिल्पांतला त्रिभंग डोळ्यांत मुरलेला असतो, त्यामुळे हात आपोआप जास्त कल देतो. त्रिभंग नृत्याकडे झुकतो. या शैलीत बाई नुसती उभी आहे.

हे अंग उघडं काढायचं, पण स्नायूंची बारीकसारीक नोंद नको. हंसळीची हाडं, बरगड्यांचा पिंजरा, ओटीपोटाचं खोकं, मांड्यांच्या आणि पोटऱ्यांच्या दंडगोल नळ्या, आणि कापडाला पुढे बाहेर ढकलणारे सहा उंचवटे: दोन्ही खांदे, दोन्ही स्तन, वरचा कुल्हा, मोकळा गुडघा. या सहांवर छोटे गोल करून ठेवा. पुढे लागतात.

चुण्या

कागदाला हात लावण्याआधी एक मोठा रुमाल घ्या. एक टोक चिमटीत धरून लोंबू द्या: चिमटीपासून नळ्या निघतात, वर अरुंद, खाली रुंद. आता दोन टोकं दोन हातांत धरून हात जवळ आणा: मध्ये झोळी पडते. नीट बघा, झोळीतल्या चुण्या पाळण्याच्या दोरीसारख्या या हातापासून त्या हातापर्यंत अखंड जात नाहीत. एक डावीकडून निघून मध्यावर मरते, तिच्याखाली दुसरी उजवीकडून येते. दोन्हींची टोकं एकमेकांत अडकतात. एकात एक बसवलेल्या वाट्यांसारखे गोल काढणं ही नवशिक्याची खूण. शेवटी रुमाल टेबलावर टाका: आधाराविना पडलेलं कापड, त्याला दिशाच नसते.

अंगावरच्या सगळ्या चुण्या या तिघींची भावंडं आहेत. म्हणून प्रत्येक चुणीला दोनच प्रश्न विचारायचे: कुठे टांगली आहे? कुठे थांबली आहे? उत्तर देता आलं नाही तर ती चुणी काढू नका, डोळ्यांना कितीही स्पष्ट दिसत असली तरी.

बटर पेपरचा दुसरा तुकडा अंगाच्या चित्रावर ठेवा आणि या क्रमाने चला. प्रथम टांगणीच्या जागा: बाहीवरच्या पिना, नाडी, वळकटी, डावं कोपर. मग खालची किनार. ती सरळ रेघ नसते. पावलांभोवती जमिनीवर एक चपटा लंबगोल काढा आणि किनार त्याच्या पुढेमागे लाटेसारखी फिरवा. लाटेच्या प्रत्येक पुढे आलेल्या फुगवट्यातून एक नळी वर नाडीकडे किंवा वळकटीकडे जाते. नळी वरून खाली काढली तर ती किनारीला भलतीकडेच पोचते. खालून वर काढली की चुकत नाही.

भाराच्या उजव्या पायावर नळ्या सरळ उभ्या पडतात, जवळजवळ खांबाच्या पन्हाळींसारख्या, आणि पाय त्यांच्यामागे लपतो. मोकळ्या डाव्या पायावर उलटं: मांडी आणि गुडघा कापडाला पुढून ताणतात, तिथे चुणी जवळजवळ नसतेच, अंग कापडातून दिसतं. गुडघ्याच्या टोकापासून मात्र एक ठळक पट्टा सरळ खाली पडतो. अथेन्सच्या एरेख्थिऑन मंदिराच्या ओसरीतल्या, खांबांच्या जागी उभ्या असलेल्या सहा दगडी कन्या, इसवी सनापूर्वी ४२० च्या आसपासच्या, हेच करतात. त्यांच्या अंगात खितोन नव्हे, पेप्लोस हे जाड लोकरी वस्त्र आहे, पण एका पायावर पन्हाळी आणि दुसऱ्यावर उघडा आकार हा हिशेब तोच. दोन्ही पाय सारखे झाकलेत तर आकृतीचा खांब होतो, दोन्ही सारखे दाखवलेत तर कापड ओलं वाटतं.

हा नियम ग्रीसपुरता नाही. गणपतराव म्हात्रे यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी असताना घडवलेली ‘मंदिरपथगामिनी’ पाहा. लुगडं आपल्याकडचं, नेसणं आपल्याकडचं, पण मांडीवर ताणलेलं आणि मध्ये साचलेलं कापड याच तर्काने चाललं आहे. मुंबईत परदेशी नमुना जवळून पाहायचा असेल तर फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची संगमरवरी स्मारकं आहेत, त्यांत धाकट्या जॉन बेकन यांची कामंही आहेत. वही घेऊन जा आणि एकाच गुडघ्यावर अर्धा तास घालवा.

वळकटीपासून हिमातिऑनच्या चुण्या तिरक्या निघतात: उजव्या कुल्ह्याच्या उंचवट्यावरून डाव्या कोपराकडे चढत्या, आणि खाली मोकळ्या गुडघ्याकडे उतरत्या. या जाड कापडाच्या चुण्यांचा माथा रुंद आणि चपटा ठेवा, खोबण खोल. आतल्या मलमलीच्या चुण्या दोरीसारख्या बारीक, माथा धारदार. दोन कापडं रंगाने नव्हे, चुणीच्या छेदानेच ओळखू येतात. कोपरावरून लोंबणाऱ्या टोकाची कड जिन्यासारखी नागमोडी उतरते. प्रत्येक पायरीला कापडाची एकदा बाहेरची आणि एकदा आतली बाजू दिसते. कुठली बाजू दिसते आहे हे लक्षात ठेवायला आतल्या बाजूवर फुली मारून ठेवा, नाहीतर तिसऱ्या पायरीला गोंधळ होतोच.

आता निवड. नाडीपासून किनारीपर्यंत समोर पंचवीस-तीस चुण्या दिसत असतील. दहा-बारा ठेवा. त्यांतही तीन ठळक, चार मध्यम, बाकी नुसत्या सूचना, आणि मधली अंतरं असमान. सारख्या अंतरावर सारख्या जाडीच्या नळ्या आल्या की तीच ती पाइपांची जुडी. दाव्हिद यांच्या ‘होराशियांची शपथ’ या १७८४ च्या चित्रात उजवीकडे खचलेल्या बायकांची वस्त्रं पाहा: ओघळ पुष्कळ, पण मोठे, लांब वळणाचे, बारीक गडबड गाळलेली आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावर ‘सॉक्रेटिसचा मृत्यू’ मोठ्या आकारात पाहता येतं. तिथेही शोध हाच घ्यायचा, काय गाळलं आहे.

बाह्यरेषा उतरवणं

बटर पेपरच्या मागच्या बाजूला चारकोल घासा, जादा भुकटी झटका, कागदावर टेप लावून टोकदार कडक पेन्सिलने रेषा गिरवा. फार दाबू नका; कागदावर खड्डा पडला तर त्यात खडू बसत नाही आणि पांढरी रेघ राहते.

उतरलेली पुसट रेषा आता कडक चारकोलने पक्की करायची. हात खांद्यापासून फिरवा, लांब रेषा एका दमात ओढा. सँडपेपरवर टोक सतत घासत राहा. उजेडाकडची रेषा बारीक, काही ठिकाणी तुटलेली. सावलीकडची आणि दोन कापडं एकमेकांवर येतात तिथली जाड. केसाळ, शिवून काढल्यासारखी रेषा या शैलीत चालत नाही. चुकली तर निडेड रबराने टिपून पुन्हा एकदाच ओढा.

काळा आणि पांढरा

कागद हीच मधली छटा. काळा फक्त सावलीत, पांढरा फक्त उजेडात, आणि दोघांच्या मध्ये कोऱ्या कागदाची पट्टी राहिलीच पाहिजे. काळ्यावर पांढरा चढला की निळसर, मेलेली राख तयार होते आणि ती पुसूनही जात नाही.

आधी डोळे किलकिले करून सावलीचा एकच मोठा आकार शोधा: चित्रातली उजवीकडची पूर्ण बाजू, हनुवटीखाली, झोळाखाली, वळकटीखाली. तो सगळा एकाच हलक्या छटेत सपाट भरा. मग त्या आकारातच खोबणींमध्ये मऊ काळा. सर्वांत गडद जागा तीन-चारच असू द्या. झोळाखालची आणि दोन पायांमधली बहुधा असतात. छायारेषा चुणीच्या लांबीने ओढू नका, गवताच्या काड्या होतात. चुणीला तिरक्या, किंचित वाकलेल्या, दीड-दोन मिलिमीटर अंतराने ओढा म्हणजे नळी गोल वळते. सावलीच्या कडेला थोडा परतलेला उजेड सोडा, पण तो उजेडाकडच्या भागाहून नेहमी गडद.

बोटाने किंवा कापसाने घासून गुळगुळीत करण्याची शाळेपासूनची सवय इथे सोडा. घासलं की कागदाचे दाते भरतात आणि मलमल मेणाची होते.

आता फिक्सेटिव्ह, म्हणजे खडू झडू नये म्हणून मारायचा फवारा, पांढरा लावण्याआधी. तीस सेंटीमीटरवरून दोन हलके फवारे, मध्ये दहा मिनिटं. फिक्सेटिव्ह लागला की पांढरा खडू पारदर्शक होऊन निम्मा नाहीसा होतो, म्हणून पांढरा शेवटी आणि त्यावर फवारा नाही. दमट दिवशी फवारा मारला तर काळ्यावर धुरकट पडदा येऊ शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोरड्या दुपारची वाट पाहिलेली बरी.

पांढरा आकृतीच्या दहाव्या भागाहून जास्त नको. उजेडाकडचा खांदा, मांडीचा उंचवटा, मोकळा गुडघा, तीन ठळक चुण्यांचे माथे. गुडघ्यावर सर्वांत जास्त, बाकी कमी.

डोकं, हात, पावलं

डोकं पूर्ण बाजूने काढा. धड समोरून आणि चेहरा बाजूने हे उठावशिल्पाला साजतं, आणि तीन-चतुर्थांश चेहऱ्याहून सोपंही आहे. कपाळ आणि नाक जवळजवळ एका रेषेत, मध्ये खळगा अगदी नाममात्र. केसांच्या कडेपासून भुवई, भुवईपासून नाकाचा शेंडा, तिथून हनुवटी: तीन सारखे भाग. वरचा ओठ आखूड, हनुवटी भरीव. चेहऱ्यावर भाव आणण्याचा मोह टाळा. भाव मानेच्या वळणात येतो. केस मध्ये भांग पाडून लाटांनी मागे, मानेवर सैल अंबाडा, वर एक अरुंद पट्टी. केस एकेक करून काढू नका, पाच-सहा बटांचे गट पुरेत.

एका हातात उथळ वाडगा दिला तर बोटांना काम मिळतं. पावलांत अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब, पुतळ्यांत तसंच असतं. भाराच्या पावलावर किनार टेकून एक छोटी घडी मोडते. तिच्याखाली पावलाची जमिनीवरची सावली जाड आणि आखूड द्या. ती विसरली की आकृती तरंगते.

पार्श्वभूमी कोरी, फार तर टाचांमागे एक आडवी रेषा.

सगळं मिळून बारा ते चौदा तास लागतात, चार बैठकांत. पूर्ण झाल्यावर चित्र गुंडाळू नका. ग्लासीन (गुळगुळीत, खडू न धरणारा) कागद वर ठेवून सपाट ठेवा. फ्रेम करताना जाड माउंट लावा म्हणजे काच खडूला टेकणार नाही, आणि फ्रेमवाल्याला साधी काचच सांगा. ॲक्रिलिकवर स्थिर वीज साचते आणि महिन्याभरात गुडघ्यावरचा पांढरा कणाकणाने तिला जाऊन चिकटतो.